खानदेशातला ख्रिस्त : अमळनेर, धुळे, चिंचपाडा

जानेवारी १९५८ मध्ये अमळनेरच्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या इंग्रजी त्रैमासिकात ‘पर्सोना, अ‍ॅनिमा, आत्मन्’ नावाचा एक लेख छापून आला. लेखक रिचर्ड द स्मेट हे बेल्जियममध्ये जन्मलेले जेसुइट धर्मगुरू. पुण्याच्या दे नोबिली कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवत. संपादक होते जी. आर. मलकानी. शांकर अद्वैताची बाजू त्यांनी आयुष्यभर लढवली होती आणि सगुण ईश्वर ही अंतिम पायरी नव्हे, हे त्यांचे ठाम मत होते. एका शीर्षकात रोम, ख्रिस्ती विद्यापीठे आणि उपनिषदे शेजारी बसलेली, आणि हा सगळा ऐवज छापला जात होता तो कापूस, गिरणी आणि सखाराम महाराजांची यात्रा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बोरीकाठच्या एका तालुक्याच्या गावातून.

हे ज्या दिवसांत घडले ते दिवस अशा भेटीगाठींना अनुकूल नव्हते. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला होता. तिचे अध्यक्ष नागपूरचे भवानीशंकर नियोगी. समिती नेमली गेली तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशातच होता, म्हणजे मलकापूर आणि बुऱ्हाणपूर ही जळगाव जिल्ह्याच्या उंबऱ्यावरची गावे तिच्या कक्षेत येत होती. ‘पादरी’ हा शब्द उच्चारला की परकीय पैसा, दवाखान्याचे आमिष आणि धर्मांतर हेच आठवावे, अशी ती हवा. त्या हवेत एका पादऱ्याने शंकराचार्यांवर लिहावे, एका अद्वैत्याने ते छापावे आणि दोघांपैकी कोणीही आपली जागा सोडू नये, ही खानदेशच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे असे मला वाटते. तिची आठवण मात्र आज फार थोड्यांना आहे.

अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ सालचे. त्याला पैसा आला तो सुतातून. मोतीलाल माणेकचंद उर्फ प्रताप शेठ यांनी अमळनेरात कापडगिरणी उभी केली आणि तिच्या नफ्यातून शाळा, दवाखाना आणि पुढे कॉलेज उभे राहिले. अशा कामांसाठी पैसे देणारे धनिक गावोगाव होते. पण वेदान्ताचा अभ्यास करायचा, त्यासाठी देशभरातून बुद्धिमान तरुण आणायचे, त्यांना राहायला खोली आणि खर्चाला विद्यावेतन द्यायचे, शास्त्री आणि इंग्रजी शिकलेले प्राध्यापक एका छताखाली बसवायचे, ही कल्पना सरळ हिशेबात बसणारी नव्हती. शेठजींची श्रद्धा अशी की अद्वैत हे केवळ आपल्या घरचे दैवत नाही. ते जगातल्या कोणत्याही तर्कापुढे उभे राहू शकते, तेव्हा त्याला उभे करावे.

आणि ते उभे राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानातला अत्यंत अवघड आणि तितकाच महत्त्वाचा ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध केला तो अमळनेरच्या या संस्थेने. पुढे काही काळ ते संस्थेचे संचालकही होते. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ या एकाच विषयावर लिहिलेले पुस्तक १९३३ साली लंडनहून निघाले. अविद्या म्हणजे काय, ती कोणाच्या आश्रयाने राहते, तिला विषय कोणता, हे शास्त्र्यांचे जुने प्रश्न तिथे कांट आणि हेगेल वाचलेल्या माणसांनी पुन्हा हातात घेतले आणि एकमेकांशी मतभेद राखून लिहिले. पुण्या-मुंबईच्या बाहेर, विद्यापीठाचा आधार नसताना, भुसावळ-सुरत मार्गावरच्या एका स्टेशनाच्या गावी हे चालले होते.

या मंदिरात १९२३-२४च्या सुमारास कोकणातल्या पालगडचा एक तरुण अभ्यासक म्हणून आला. पांडुरंग सदाशिव साने. त्याचे मन तिथे रमले नाही. १९२४ साली तो गावातल्याच शाळेत शिक्षक झाला आणि पुढची सहा वर्षे त्याने मुलांच्या वसतिगृहात घालवली. सानेगुरुजी तत्त्वज्ञान सोडून गेले असे यावरून कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. १९३७ साली आलेल्या ‘भारतीय संस्कृती’ या त्यांच्या पुस्तकातले पहिले प्रकरण अद्वैतावरच आहे. फरक इतकाच की अस्पृश्याला दारात उभे करून अद्वैताच्या गोष्टी सांगता येत नाहीत, हे त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवले. तत्त्वज्ञान मंदिराने विचारलेला प्रश्न होता: अद्वैत खरे आहे काय? गुरुजींचा प्रश्न होता: खरे आहे ना, मग ते गावात दिसत का नाही? १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस जे उपोषण केले, त्याचे मूळ मला अमळनेरच्या या दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर सापडते.

गुरुजी आणि विनोबा भावे यांची धुळ्याच्या तुरुंगात गाठ पडली ती १९३२ साली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, ओळीने अठरा रविवार, विनोबांनी तिथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. समोर जमनालाल बजाज होते, गुलझारीलाल नंदा होते, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने होते आणि नाव कुठेच नोंदले न गेलेले कितीतरी सत्याग्रही होते. गुरुजी भराभर उतरवून घेत होते. ती टिपणे नसती तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तकच नसते. ‘गीताई’ही त्याच वर्षी लोकांच्या हाती आली.

ख्रिस्ती धर्मविचारांवरच्या लेखात धुळ्याचा तुरुंग कशाला, असे वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्या दृष्टीने तो इथे हवाच. धर्मग्रंथ कोणाचा, त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाला आणि तो कोणासमोर सांगायचा, याचा एक नवा धडा त्या बराकीत घातला गेला. पीठ नव्हते, दक्षिणा नव्हती, संस्कृत येण्याची अट नव्हती. तीच रीत विनोबांनी पुढे इतर धर्मांच्या ग्रंथांना लावली. कुराणाचे सार काढले, धम्मपदाची नव्याने मांडणी केली, आणि नव्या करारातली वचने निवडून, विषयवार लावून ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केले. येशूची स्तुती करणारे हिंदू विचारवंत याआधीही बरेच झाले होते. राममोहन रॉय यांनी १८२० सालीच येशूची शिकवण निवडून छापली होती, आणि त्यांनी चमत्कार आणि सिद्धान्त गाळले म्हणून श्रीरामपूरचे मिशनरी त्यांच्यावर तुटून पडले होते. गांधीजींना पर्वतावरील प्रवचन प्रिय होते. विनोबांचे वेगळेपण हे की त्यांनी शुभवर्तमानांवर न थांबता प्रेषितांची पत्रेही घेतली. म्हणजे येशूला त्याच्या मंडळीपासून तोडून केवळ एक थोर गुरू म्हणून उचलले नाही. ख्रिस्ती माणूस बायबल जसे वाचतो त्याच्या जवळ जाऊन ते वाचण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतल्या नाममालेत मज्द, येशूचा पिता, रहीम आणि ताओ ही नावे राम-कृष्णांच्या ओळीत येतात, ती याच वृत्तीतून.

द स्मेट नेमके याच्या उलट दिशेने निघाले होते. त्यांना शंकराचार्य वाचायचे होते, आणि तेही परंपरेतल्या पंडिताला ओळखीचे वाटतील असे.

त्यांचा जन्म १९१६ सालचा, म्हणजे तत्त्वज्ञान मंदिराच्याच वयाचे. १९४६ साली ते भारतात आले, संस्कृत शिकले. त्या काळात शंकराचार्यांना युरोपीय धर्तीचा शुद्ध बुद्धिवादी तत्त्वज्ञ म्हणून मांडण्याची चाल इंग्रजी शिकलेल्या भारतीय प्राध्यापकांत रूढ झाली होती. आपल्याकडेही स्पिनोझा होते, कांट होते, हे दाखवायची ती धडपड होती. द स्मेट यांना ते पटेना. भाष्ये उघडली की शंकराचार्य पानोपानी सांगतात, ब्रह्माचे ज्ञान श्रुतीवाचून नाही. तर्क हवा, पण तो श्रुतीच्या मागून चालणारा. मग हे तत्त्वज्ञ कसले, हे तर ख्रिस्ती आचार्य थॉमस अक्वायनससारखे धर्मज्ञ! शास्त्रवचनाचा अर्थ लावणारे, त्यासाठी तर्काला राबवणारे. १९५३ साली रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात त्यांनी शंकराचार्यांच्या या पद्धतीवरच प्रबंध सादर केला. एका ख्रिस्ती धर्मगुरूने हिंदू आचार्याला ‘तुम्ही आमच्यासारखे आहात’ असे म्हणणे सोपे असते. द स्मेट म्हणत होते ते असे: तुमच्याच माणसांनी तुमच्या आचार्यांना त्यांच्या घरातून बाहेर काढून युरोपच्या दिवाणखान्यात बसवले आहे, त्यांना त्यांच्या घरी परत न्या.

१९६१ च्या जानेवारीत अमळनेरच्या त्रैमासिकात त्यांचा आणखी एक लेख आला. यावेळी विषय होता सुरेश्वराचार्यांच्या ‘नैष्कर्म्यसिद्धी’त ‘तत्त्वमसि’ या महावाक्याची तार्किक घडण कशी आहे. हा विषय कोणा हौशी माणसाचा नव्हे. शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वर हे वेदान्ताच्या शाळेतही वरच्या वर्गात शिकवले जातात. आता मुद्दा असा: ‘तू’ म्हणजे अल्पज्ञ, मरणाधीन जीव. ‘ते’ म्हणजे सर्वज्ञ, जगाचे कारण. दोन्ही एक कशी? परंपरा देवदत्ताचे उदाहरण देते. ‘हा तोच देवदत्त’ असे आपण म्हणतो तेव्हा काशीत पूर्वी पाहिलेला आणि आज इथे दिसणारा, यांतला स्थळकाळाचा भाग सोडून देतो आणि माणूस तेवढा घेतो. शब्दाचा काही अर्थ टाकायचा, काही ठेवायचा, आणि उरलेल्या अर्थाने जे थेट सांगता येत नाही त्याकडे बोट दाखवायचे. ही लक्षणा.

थॉमस अक्वायनसला तेराव्या शतकात हाच पेच पडला होता. देव ‘चांगला’ आहे असे म्हटले, तर शेजारचा माणूस चांगला आहे त्याच अर्थाने का? तसे म्हटले तर देव लहान होतो. पूर्णपणे वेगळ्याच अर्थाने म्हटले तर वाक्याला अर्थच उरत नाही. तेव्हा शब्दाची माणसाला चिकटलेली मर्यादा टाकायची आणि त्यातले सार परमकोटीला नेऊन लावायचे, हा त्याचा मार्ग. द स्मेट यांनी आयुष्यभर दाखवले की ब्रह्माविषयी बोलताना शंकराचार्य आणि देवाविषयी बोलताना अक्वायनस भाषेला जवळजवळ एकाच प्रकारे वाकवतात. दोघांनाही माहीत होते की आपण ज्याविषयी बोलतो आहोत ते शब्दात मावणारे नाही. दोघांपैकी कोणीही त्यावरून गप्प बसला नाही.

इथून पुढचे पाऊल वादाचे होते. जग ‘मिथ्या’ म्हणजे नसलेले, असे शंकराचार्य म्हणत नाहीत. स्वतःच्या बळावर नसलेले, प्रत्येक क्षणी ब्रह्मावर टेकलेले असे म्हणतात, ही द स्मेट यांची मांडणी. ख्रिस्ती धर्मशास्त्रातली सृष्टीची कल्पनाही, लोकप्रिय चित्रे बाजूला ठेवली तर, अशीच आहे. अक्वायनस म्हणतो, सृष्टीचा देवाशी संबंध खराखुरा आहे, पण त्या संबंधाने देवात काही भर पडत नाही. निर्गुण ब्रह्माबद्दलही द स्मेट यांचे म्हणणे असेच खोल जाणारे होते. अद्वैती म्हणतात ब्रह्म व्यक्ती नाही, ख्रिस्ती म्हणतात देव व्यक्ती आहे, आणि इथे वाद संपतो असे दोन्ही बाजू धरून चालतात. द स्मेट यांनी या कल्पनेचा इतिहास उलगडला. आज आपण व्यक्ती म्हणतो तेव्हा एक मर्यादित, इतरांपासून तुटलेला, आवडीनिवडी असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. आरंभीच्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांनी त्रैक्याविषयी बोलताना जी कल्पना घडवली तिच्यात ही मर्यादा नव्हती. ती मर्यादा काढून टाकली, तर शुद्ध चैतन्य, स्वतंत्र, कशावरही अवलंबून नसलेले, असे जे निर्गुण ब्रह्म त्याला परमव्यक्ती म्हणायला हरकत कोणती?

अद्वैत्यांची हरकत होतीच. मला त्यांच्या हरकतीत बळ वाटते. कितीही सोवळ्यात गुंडाळले तरी ख्रिस्ती धर्मात देव आणि माणूस यांच्यामधले अंतर मिटत नाही. प्रेम करणारा आणि ज्याच्यावर प्रेम केले जाते तो, असे दोघे शेवटपर्यंत उरतातच, आणि ख्रिस्ती माणसाला ते उरायलाच हवे असतात. शांकर वेदान्तात ते दोघेपण हेच अज्ञान. द स्मेट यांच्या हातात शंकराचार्य हळूहळू अक्वायनसच्या चेहऱ्याचे होत जातात, असा आक्षेप घेतला गेला, त्यात तथ्य आहे. पण आक्षेप घेणाऱ्यालाही सुरेश्वर उघडावे लागले, अक्वायनस उघडावा लागला. दुसऱ्याच्या ग्रंथात इतके खोल उतरून केलेला मतभेद हा मला वरवरच्या गोड सहमतीपेक्षा शतपट आदराचा वाटतो. ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणून पाठ फिरवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते कोणताच धर्म वाचत नाहीत.

या मांडणीला मागचापुढचा मोठा संदर्भ होता. मराठी माणसाला त्यातले काही धागे आपल्या घरचेच आहेत. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती झाले आणि त्यांनी १८६० साली ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून सहाही दर्शनांचे खंडन केले. अद्वैताशी लढणे हेच तेव्हा ख्रिस्ती पंडिताचे काम समजले जाई. १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेले, आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ भरवून बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात बसायला जागा दिली. बंगालमध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय स्वतःला हिंदू-कॅथलिक म्हणवत होते आणि चर्चने त्यांना दूर सारले. द स्मेट यांच्या वाट्याला मात्र दिवस पालटणारे आले. १९५५ साली कँडीहून पोपचे विद्यापीठ पुण्याला हलले आणि शेकडो भावी धर्मगुरूंना हिंदू दर्शने शिकवणे हे रीतसर काम झाले. तिथलेच योसेफ नॉयनर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून गेले. १९६४ च्या नोव्हेंबरात मुंबईत ख्रिस्ती प्रकटीकरण आणि इतर धर्म या विषयावर धर्मज्ञांची बैठक झाली. त्यानंतर काही दिवसांनी, ३ डिसेंबरला, पोप पॉल सहावे यांनी मुंबईतच निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना बृहदारण्यकातली प्रार्थना उच्चारली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हे पत्रक निघाले आणि इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे प्रथमच अधिकृतपणे लिहिले गेले. रोमने ते लिहिण्याच्या सात वर्षे आधी अमळनेरच्या अंकात ते प्रत्यक्ष घडत होते.

अमळनेरच्या त्या त्रैमासिकाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मलकानींनंतर त्रैमासिक थंडावले. १९७३ साली पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावाने, अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचे नाते राखून, ते पुन्हा सुरू केले. सुरेंद्र बारलिंगे यांचा त्यात पुढाकार होता. द स्मेट यांच्याकडून वेदान्त शिकलेल्या सारा ग्रँट या ब्रिटिश संन्यासिनीने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणवून घेतले आणि त्यावर पुस्तक लिहिले. द स्मेट १९९७ साली गेले. त्याच वर्षी भारतात छत्तीस वर्षे राहिलेल्या जाक द्युप्युई या दुसऱ्या बेल्जियन जेसुइटाचे धर्मांच्या अनेकत्वावरचे पुस्तक आले, आणि रोमने त्याची चौकशी लावली. तो वाद आजही चालू आहे.

आतापर्यंत मी जे लिहिले त्यात खानदेशातला एकही ख्रिस्ती माणूस नाही. ही उणीव लेखाची नाही, त्या संवादाची आहे.

अमळनेरहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की नंदुरबार येते, मग चिंचपाडा, मग नवापूर. तेव्हा हा सगळा पश्चिम खानदेश, म्हणजे धुळे जिल्हा. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने १८९० साली स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात आले. स्वीडिश अलायन्स मिशनही आले. भिल्ल, मावची, गावित, कोकणा यांच्यात त्यांनी काम धरले. चिंचपाड्याला १९४२ साली दवाखाना उभा राहिला, तो आजही चालू आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतले गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक ही आणखी वेगळी वस्ती.

या मिशनऱ्यांचा धर्मविचार द स्मेट यांच्यापासून फार दूरचा होता. फ्रान्सन यांची श्रद्धा अशी की ख्रिस्ताचे पुनरागमन अगदी जवळ आले आहे, त्याआधी जितक्यांना सुवार्ता सांगता येईल तितक्यांना सांगायची. अशा घाईत दुसऱ्याच्या देवाशी संवाद कसला? याहा मोगी माता, वाघदेव, डोंगऱ्या देव या सगळ्यांना एका झटक्यात अंधार ठरवले गेले. तरीही त्या माणसांनी जे केले ते अंधार-उजेडाच्या हिशेबात मावत नाही. सावकार आणि दारूचा गुत्ता यांच्या कचाट्यात असलेल्या पाड्यांवर शाळा गेली, सुईण गेली, औषध गेले. आणि मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’तून टिळकांचे अभंग तिथे पोचले. वारकऱ्यांच्या चालीत ख्रिस्ताला आळवणारी ती पदे, ज्यांनी पंढरीची वाट कधी धरली नाही अशा माणसांच्या तोंडी.

आदिवासींनी स्वतःहूनही उत्तर दिले. १९३७-३८ साली तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांची आप चळवळ उभी राहिली. दारू सोडायची, स्वच्छ राहायचे, दर सोमवारी आरतीला जमायचे आणि लहानथोर प्रत्येकाने प्रत्येकाला ‘आप’ म्हणायचे. हजारो माणसे जमू लागली तेव्हा इंग्रज सरकार धास्तावले. ‘आप’ या हाकेत जे होते ते गुरुजी त्याच सुमारास ‘भारतीय संस्कृती’त मागत होते. दोघांचा पत्ता एकाच खानदेशातला.

अमळनेरच्या अंकातल्या ख्रिस्ती-हिंदू संवादात हिंदू म्हणजे शंकराचार्य होते आणि ख्रिस्ती म्हणजे अक्वायनस. मावची ख्रिस्ती त्यात नव्हता, आणि मावची देवही नव्हता. हा दोष दाखवला तोही मराठी मुलखातल्याच माणसाने. जालन्याकडच्या दलित ख्रिस्ती घरातले अरविंद निर्मळ १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात उभे राहिले आणि म्हणाले की भारतीय ख्रिस्ती धर्मविचार आजवर अद्वैत आणि भक्तिमार्ग यांच्याच भोवती फिरत राहिला. मंडळीत बसलेला बहुसंख्य माणूस गावकुसाबाहेरून आला आहे, त्याच्या दुःखाला या विचारात जागा नाही. दलित धर्मविचाराची ती सुरुवात. अनुवादाच्या पुस्तकातला, भटकणाऱ्या अरामी पूर्वजाची आणि दास्यातून सुटकेची आठवण सांगणारा कबुलीजबाब निर्मळ यांनी दलितांचा म्हणून वाचला. यशयाच्या ग्रंथातला दुःख सोसणारा सेवक त्यांना देवाचा खरा चेहरा वाटला. रांचीकडे निर्मल मिंझ हेच काम आदिवासींच्या बाजूने करत होते. पुण्यात जॉर्ज सुआरिस-प्रभू नव्या कराराकडे गरिबांच्या अंगाने पाहायला शिकवत होते. १९७४ साली आशियातल्या बिशपांनी तैपेईत ठरवले होते की संवाद धर्मांशी हवा, संस्कृतींशी हवा आणि गरिबांशीही हवा. तिन्ही एकदम.

निर्मळ यांच्या टीकेने द स्मेट यांचे काम खोटे पडत नाही. सुरेश्वराला जितक्या बारकाईने वाचले तितक्या बारकाईने देवमोगऱ्याच्या याहा मोगीच्या पूजेकडे, तिच्या कणसरीच्या गाण्यांकडे, पाड्यावरच्या पुजाऱ्याच्या बोलण्याकडे कोणी पाहिले असते तर काय निघाले असते, हा प्रश्न मात्र त्या टीकेमुळेच विचारता येतो. धान्य पिकवणारी, उपासमारीत लेकरांना जगवणारी माता देवाविषयी काय सांगते, याचे उत्तर अक्वायनसच्या चौकटीत शोधावे लागणार नाही. यशयात आणि स्तोत्रांत देवाला आईची उपमा दिलेली आहे, तिथून सुरुवात करता येईल.

आज या भागात प्रश्न वेगळ्याच ठिकाणी विचारला जातो. राज्यघटनेखालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. १९५० च्या त्या आदेशात मुख्यतः हिंदू होते, नंतर १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. ती लावावी, धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळावे, ही कार्तिक उरांव यांनी १९६० च्या दशकात लावून धरलेली मागणी आता पुन्हा जोरात आहे आणि सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना तिचे मोर्चे निघतात. प्रश्न विचारणारे म्हणतात, ज्याने याहा मोगी सोडली तो आदिवासी कसा? चर्चमधल्या काही कडव्या लोकांचे म्हणणेही दुसऱ्या टोकाकडून तेच: ज्याने याहा मोगी सोडली नाही तो ख्रिस्ती कसा? महाशिवरात्रीला देवमोगऱ्याची यात्रा भरते तेव्हा एखाद्या ख्रिस्ती मावची बाईने तिथे नव्या धान्याची मूठ ठेवावी की नाही, ठेवली तर ती कोणाला ठेवली, याचे उत्तर या दोन्ही बाजूंना एका ओळीत हवे असते. मलकानी आणि द स्मेट यांच्यात ज्या धीराने निर्गुण ब्रह्माचा विचार चालला होता, तेवढाच धीर त्या बाईच्या मुठीलाही मिळायला हवा, आणि तिचे म्हणणे पहिल्यांदा तिच्या बोलीत ऐकले जायला हवे.